गुऱ्हाळातलं घर

आमच्या घराला गावात अजून कुणी घर म्हणत नाही. एस.टी.तून उतरलेल्या पाव्हण्यानं फाट्यावरच्या पानपट्टीत आमचा पत्ता विचारला, की उत्तर ठरलेलं असतं, "गुऱ्हाळात ऱ्हात्यात न्हवं? त्ये काय, धुराडं दिसतंय बघा." चुलवाण विझून चाळीस वर्षं होत आली. तिथं गुळाचा एक रवाही पडलेला नाही. तरी आम्ही गुऱ्हाळातलेच. शाळेत मला पोरं 'गुळ्या' म्हणत. लहानपणी रडू यायचं. आता कुणी जुना सवंगडी बाजारात तशी हाक मारतो तेव्हा बरं वाटतं.

आमचं गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. गावठाण नदीला लागून, सखलात. गुऱ्हाळ मात्र गावापासून पाऊण मैलावर, माळाच्या चढाला. आजोबांनी ते तिथंच का बांधलं, तर चिपाडं वाळवायला उघडा माळ लागतो, आणि पावसाळ्यात चुलवाणात पाणी साठू नये म्हणून उंचवटा लागतो. माणसानं राहावं हा विचार त्यात कुठंच नव्हता. दगडमातीच्या अडीच फुटी भिंती, वर साग-जांभळाचे वासे आणि कौलं, वाफ बाहेर जावी म्हणून उंचच उंच आढं, एका अंगाला विटांचं धुराडं. खिडकी एकही नाही. दार एवढं मोठं, की उसाची गाडी बैलांसकट आत यावी.

हंगामात मात्र त्या जागेसारखी जागा नव्हती. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघायचे आणि त्याच सुमाराला आमचं चुलवाण पेटायचं, ते शिमग्यापर्यंत विझायचं नाही. आठ फूट रुंदीची काहील. तिच्यात रस उकळायला लागला, की भेंडीची झाडं चेचून काढलेलं चिकट पाणी घालायचं, म्हणजे मळी फुगून वर येते. ती काढायची. रस पिवळा होतो, मग तांबूस, मग बुडबुडे मोठे आणि जड होत जातात. गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी वळून बघायचा. गोळी जमली, की "उतरा" म्हणून ओरडायचा. मग सहा-आठ गडी कड्यांतून लाकडं घालून ती काहील उचलत आणि दगडी वाफ्यात ओतत. वाफ्यात फावड्यानं पाक घोटायचा आणि डब्यांत भरायचा. दुसऱ्या दिवशी तीस किलोचे रवे उभे. आम्हा पोरांना ताज्या गुळात बुडवलेलं उसाचं कांडं मिळायचं. त्या दिवसांत थंडी कशाला म्हणतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. आजोबांमागं गुऱ्हाळ त्यांनी चालवलं. थोरले चुलते, तात्या, शेती बघायचे. जिल्ह्यात साखर कारखाने वाढत गेले तसा ऊस तिकडं वळला. कारखान्याची टोळी येते, ऊस तोडून नेते, शेतकऱ्याला रात्र जागवावी लागत नाही. गुऱ्हाळाकडं उरला तो आमचा आणि चार भावकीतल्यांचा ऊस. त्यातही आमच्या विहिरीचं पाणी खारं, मळ्याची जमीन चोपण, त्यामुळं गूळ काळपट पडायचा. बाजाराला पिवळाधमक लागतो. रंगासाठी सगळे हैड्रोसची पावडर टाकत, आप्पाही टाकत. नाही टाकली म्हणून सांगितलं तर खोटं ठरेल. तरी रंग येईना.

एकदा मी त्यांच्याबरोबर शाहूपुरीच्या गूळ बाजारात गेलो होतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली ती पेठ, सगळ्या देशाला गूळ पुरवणारी. पहाटे ट्रकवर रव्यांच्या मधोमध बसून गेलो. सौद्याला एका व्यापाऱ्यानं आमच्या रव्याचा तुकडा मोडला, उजेडाकडं धरला, जिभेवर ठेवला आणि म्हणाला, "चव झकास. रंग न्हाई." बस्स. चार शब्दांत वर्षभराचा हिशेब झाला. आप्पांनी मला भेळ खाऊ घातली, स्वतः काही खाल्लं नाही.

१९८६ च्या मार्चमध्ये हंगाम अर्ध्यावर बंद झाला. सोसायटीचं कर्ज, अडत्याची उचल, गड्यांना दिलेली उचल. गडी दुसऱ्या गुऱ्हाळावर गेले आणि उचल त्यांच्याबरोबर गेली. गुढीपाडव्यानंतर घरात वाटणी निघाली. तात्यांचं म्हणणं उघड होतं आणि आज मला ते चुकीचंही वाटत नाही. गुऱ्हाळाचं कर्ज सगळ्या घरानं किती दिवस वाहायचं?

वाडा पाच खणांचा. दोन संसार त्यात मावत नव्हते. पंच म्हणाले, एकानं वाडा घ्यावा, दुसऱ्याला माळाची जमीन जास्त द्यावी, त्यानं सवडीनं घर बांधावं. सवड म्हणजे पैसा, आणि पैसा आमच्याकडं नव्हता. सोप्यात अशी चर्चा चाललेली, दुपारभर नुसतं गुऱ्हाळ. आई माजघराच्या दारात उभी होती. पंचांसमोर बायकांनी बोलायची रीत नव्हती. तरी ती पदर सावरून म्हणाली, "आमाला गुऱ्हाळ द्या. आमी तितं ऱ्हातो."

सगळे गप्प झाले. मग थोरल्या काकी हसल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हावा की. धुराड्यात संसार करा." सहज बोलल्या असतील. पण ते वाक्य आईनं पुढं तेहतीस वर्षं जपून ठेवलं.

त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आप्पा म्हणाले, "आगं, जितं माजं वाटोळं झालं तितंच चूल मांडतीस?"

"वाटोळं गुळाचं झालं," आई म्हणाली. "आपलं कुटं झालंय अजून?"

थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "बारा वर्सं ह्या माजघरात धूर खाल्लाय मी. डोळं गेलं. मला एक खिडकी पायजे. बाकी काय नगं."

अक्षय्य तृतीयेला आम्ही सामान हलवलं. सामान म्हणजे दोन गाड्या. पहिल्या रात्री दिवा लावला आणि दिसलं, की जमीन हलतेय. मुंग्या होत्या. वर्षानुवर्षं सांडलेला पाक जमिनीत मुरलेला, भिंतींना बसलेला. गूळ तिथं मुंगळे ही म्हण आम्ही त्या रात्री अंगावर अनुभवली. आईनं खाटेच्या चारी पायांखाली पाण्यानं भरलेल्या वाट्या ठेवल्या आणि आम्हा दोघा भावंडांना खाटेवर झोपवलं. ती आणि आप्पा बाहेर माळावर झोपले. दोघांच्या मध्ये चांगलं दहा हातांचं अंतर होतं.

पुढचे आठ दिवस आप्पा कामाला हात लावत नव्हते. सकाळी उठून ते गावात जात, संध्याकाळी येत. आई, माझी आजी आणि आजोळहून आलेला धाकटा मामा असे तिघं राबत. आधी चिपाडांची गंज हलवली, तर तिच्याखाली पुरुषभर लांब धामण निघाली. मामा काठी घेऊन धावला, आईनं अडवलं. "तिचं घर पयलं हाय. जाऊ दे तिला." मग जमीन. कुदळीनं वीतभर खणून सगळी काळी चिकट माती काढून शेतात टाकली आणि माळाचा मुरूम अंथरून चोपणीनं बडवला.

मग काजळी. ती नुसती काजळी नव्हती. धूर आणि गुळाची वाफ मिळून वाशांवर डांबरासारखा थर बसला होता. कोयत्यानं खरवडायचा, सोड्याच्या गरम पाण्यानं पुसायचा, आणि पुन्हा खरवडायचा. आईचे हात कोपरापर्यंत काळे, केसांत काजळी, दात तेवढे पांढरे. नवव्या दिवशी आप्पा गावातून लवकर आले. उंबऱ्यात बराच वेळ उभे राहिले. काही न बोलता त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला, शिडी घेतली आणि आढ्याला भिडले. आईनं खालून कोयता वर दिला. एवढंच झालं.

गवंडी आजोळचे होते. आई त्यांना नाना म्हणायची. नानांनी एका वाशावर वाकसाची धार टेकवून पाहिली. आतलं लाकूड काल कापल्यासारखं निघालं. म्हणाले, "पोरी, धुरानं राखलंय ह्यास्नी. गावातलं वाडं वाळवी खाऊन पडतील, ह्या वाशास्नी काय बी हुत न्हाई." ज्या धुरानं आईचे डोळे घेतले होते त्याच धुरानं तिचं छप्पर टिकवलं होतं.

मोठा प्रश्न होता चुलवाणाचा. जमिनीच्या मधोमध आठ फुटांचा गोल खड्डा, आत उतरलं तर मोठ्या माणसाचं डोकंही दिसणार नाही एवढा खोल. जाळ घालायचं तोंड मागच्या अंगाला, उतारावर. आप्पा म्हणाले, मुरमानं भरून टाकू. नानांनी हिशेब केला, पंचवीस-तीस गाड्या मुरूम लागेल. गाडीचे पैसे कुठले? मग आईनंच तोड काढली. वर लाकडी तुळया टाकून शहाबादी फरशी बसवायची आणि खाली पोकळी तशीच ठेवायची. मागचं तोंड दार लावून बंद करायचं. त्या पोकळीत आमचे बटाटे, कांदे, आल्याचं बियाणं वर्षानुवर्षं राहिलं. उन्हाळ्यात तिथं माठासारखा गारवा. लपाछपी खेळताना मात्र तिथं जायला कुणी धजत नसे, कारण आजीनं धामणीची भीती घालून ठेवली होती.

वाफा होता तसाच न्हाणीला कामाला आला. घडीव दगडाचा, उतार काढलेला, एका कोपऱ्याला भोक. त्या भोकाला पाट जोडून पाणी परसातल्या केळींना सोडलं. पहिल्या वर्षी आम्ही आंघोळीला बसलो, की गरम पाण्यानं दगडाच्या सांदीतला गूळ विरघळायचा आणि सगळ्या न्हाणीला गोड वास सुटायचा. अंगाला माश्या चिकटायच्या.

धुराड्याचं काय करायचं यावरून दोघांचं वाजलं. आप्पांना ते पाडून विटा विकायच्या होत्या. आई म्हणाली, "हात लावू नगा. माजी चूल त्येच्या बुडाला मांडनार." नानांनी धुराड्याच्या पायथ्याला कमान फोडली, तिच्यात चूल बसवली. ज्या दिवशी चूल पेटवली त्या दिवशी आम्ही सगळे बघत उभे होतो. ओली शेणकूट घातली तरी धूर सरळ वर. आई चुलीपुढं बसून होती. भाकरी थापायची सोडून नुसती वर बघत होती. बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं डोळ्यांना पदर न लावता स्वयंपाक केला. आप्पा म्हणाले, "काय बघतीस?" ती म्हणाली, "कुटं जातोय बघतेय."

राहिली खिडकी. ती कुठं काढायची हे आईनं पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. पश्चिमेला. गावाकडून येणारी वाट त्या अंगाला. आम्ही शाळेतून येताना दिसलो पाहिजे, आणि दिवस मावळेपर्यंत धान्य निवडायला उजेड पाहिजे. नाना म्हणाले, "पोरी, पश्चिम पावसाची हाय." आईनं ऐकलं नाही. अडीच फुटांची भिंत फोडायला तीन दिवस लागले. वरचा दगड तोलायला जाड लाकूड हवं होतं. आजोबांच्या काळच्या बैलघाण्याचं, बैल जुंपायचं बाभळीचं लाकूड मागं पडून होतं. इंजिन आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तेच खिडकीवर चढवलं. तिसऱ्या दिवशी शेवटचा दगड बाहेर पडला आणि बांधल्यापासून पहिल्यांदाच त्या जागेत वावभर रुंदीचा ऊन्हाचा पट्टा शिरला. धूळ उडत होती आणि आई त्या धुळीत उभी राहून हसत होती.

आता सगळं झालं होतं. फक्त एक वस्तू जागची हलली नव्हती. काहील.

दाराच्या आत, उजव्या भिंतीला ती उभी करून ठेवलेली होती. एवढी मोठी, की तिच्यामागं मी आणि बहीण दोघं लपायचो. तिनं अर्धी भिंत व्यापलेली. राधानगरीकडचा एक गुऱ्हाळवाला दोनदा येऊन गेला. चांगले पैसे देत होता. सोसायटीचा एक हप्ता निघाला असता. आई म्हणाली, "देऊन टाका." आप्पा म्हणाले, "दसऱ्यापातुर थांब." दसऱ्यानंतर काय, हे ते बोलत नसत. पण आम्हाला कळायचं. मागच्या दारी त्यांनी घाण्याला तेल घालून गोणपाटानं झाकून ठेवलं होतं. फरशीखालचं चुलवाण शाबूत होतं. फरशी काढायला असा किती वेळ लागतो? आप्पांच्या लेखी आम्ही तिथं फक्त पावसाळा काढायला आलो होतो. आणि आईला ते माहीत होतं. ती रोज जमीन सारवायची, चुना लावायची, परसात शेवगा लावायची, आणि रोज त्या काहिलीला वळसा घालून जायची. घर तिचं होतं खरं, पण भिंतीला टेकलेली काहील रोज तिला सांगत होती, की अजून नाही.

मृगाचा पाऊस सरळ पडला. आर्द्रा लागल्या आणि वारा पश्चिमेकडून सुटला. आमच्याकडचा पाऊस ज्यानं पाहिला आहे त्याला सांगायला नको. झड आडवी येते. खिडकीला पोतं लावलं, ते भिजून जड होऊन पडलं. फळ्या लावल्या, त्यांच्या फटींतून पाणी आत. दुसरीकडं धुराड्याच्या तोंडातून सरळ चुलीत धार. तीन दिवस चूल पेटली नाही. आम्ही चुरमुरे आणि शेंगा खाऊन राहिलो. माझी बहीण तापानं फणफणली. चौथ्या दिवशी आजी म्हणाली, "सूनबाई, वाड्यात जाऊया गं. पोरगी मरंल."

आई काही बोलली नाही. कोपऱ्यात बहिणीला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या तोंडाकडं मी बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी ती हरली होती. तिनं मागून घेतलेली जागा, तिनं मागून घेतलेली खिडकी, तिनं पाडू न दिलेलं धुराडं. सगळं तिच्याच हट्टाचं. पाणी तिच्याच हट्टातून आत येत होतं.

आप्पा उठले. छिन्नी आणि घण घेऊन आले. काहील त्यांनी एकट्यानं कशी आडवी पाडली मला ठाऊक नाही. मोठा आवाज झाला आणि बराच वेळ घुमत राहिला. मग तिच्या मधोमध छिन्नी टेकवून त्यांनी पहिला घाव घातला.

"आवं, काय करताय?" आई ओरडली. "इकली असती तर पैसं आलं असतं!"

"पैसं आल्यानं पानी थांबतंय व्हय?"

ते सबंध दुपारभर आणि रात्री कंदिलाच्या उजेडात काहील तोडत होते. जाड पत्रा, सहजासहजी तुटणारा नव्हे. प्रत्येक घावाला सगळं घर हादरायचं. मी कंदील धरून उभा होतो. त्यांच्या तोंडावर घाम होता की आणखी काही, ते कंदिलाच्या उजेडात समजत नव्हतं, आणि मी बघितलंही नाही. सकाळी भर पावसात शिडी लावून त्यांनी धुराड्यावर पत्र्याची टोपी बसवली. चारी बाजूंनी धूर जायला फट ठेवली. उरलेल्या पत्र्याची दोन झडपं करून खिडकीला टांगली. वरून बिजागरी, खालून टेकू, हवी तेवढी उघडता येतील अशी. झड बाहेर थडाथडा वाजत राहिली आणि आत एक थेंब नाही.

चूल पेटली. आईनं पहिली भाकरी आप्पांच्या ताटात वाढली. त्या दिवसापासून त्यांनी दसऱ्याचं नाव काढलं नाही. पावसाळा संपल्यावर घाणा विकला. हप्ता फेडून उरलेल्या पैशांत एक म्हैस आली. कर्ज फिटायला आणखी सहा वर्षं लागली. ऊस आम्हीही कारखान्याला घालू लागलो. पुढं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी मी पेपरात वाचली, तेव्हा आप्पांना दाखवावी असं वाटलं. पण ते २०११ मध्येच गेले. शेवटच्या आजारात त्यांची खाट त्या खिडकीखालीच होती. झडप कुणी उघडली, की "टेकू नीट लाव" म्हणायचे.

वाड्याशी आमचं येणं-जाणं होतं, लग्नकार्य होतं, पण आई तिथं पाण्याचा घोटही घेत नसे. काकीही गुऱ्हाळात कधी आल्या नाहीत. तात्या गेले तेव्हा आई जाऊन बसली, रडली, आणि चहा न घेता परत आली. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी धुराड्यातली हाय."

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना गेली की धोका समजतात. त्या वर्षी ती ५५ फुटांच्याही वर गेली. भोगावतीचं पाणी मागं फुगत फुगत गावठाणात शिरलं. आजवर कधी वेशीच्या आत आलेलं नव्हतं, ते वाड्याच्या सोप्यात आलं. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात दोन दिवस उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी बसल्या. माणसं आधीच बाहेर काढली होती. ट्रॅक्टरमधून, ढोरं पुढं घालून, लोक माळावर येत होते. आमच्या अंगणात पाच कुटुंबं उतरली. शेवटच्या खेपेला चुलतभावानं काकींना उचलून उतरवलं. ऐंशीच्या घरातली बाई, पातळ गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

आई काठी टेकत दारात गेली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मी मनातल्या मनात घाबरलो होतो. तेहतीस वर्षं जपलेलं वाक्य आता आई बोलून दाखवते की काय.

आई म्हणाली, "आक्का, आत या. भिजताय कशाला."

काकी आत आल्या. चुलीजवळ त्यांना बसवलं. पायांवर गरम पाणी घातलं. त्या रात्री मोठ्या पातेल्यात आमटी-भात शिजला आणि चाळीसएक माणसं जेवली. जेवण झाल्यावर काकी वर बघत म्हणाल्या, "धूर न्हाई गं तुज्या घरात." आई "हं" म्हणाली. आणखी काही नाही. मला वाटतं, दोघींपैकी कुणीच जुनं काही विसरलं नव्हतं. पण काकी तीन आठवडे आमच्याकडं राहिल्या, वाफ्यातल्या न्हाणीत त्यांची आंघोळ आई स्वतः घालायची, आणि दुपारी दोघी त्या खिडकीत तांदूळ निवडत बसायच्या.

दुसऱ्या वर्षी चुलतभावांनी गावठाण सोडून माळावर, आमच्या शेजारीच, घर बांधायला घेतलं. सिमेंटचं, स्लॅबचं. भिंती कमरेएवढ्या आल्या तेव्हा काकींनी आईला बोलावणं पाठवलं. आई गेली. काकी आणि गवंडी दोघंही थांबले होते. खिडकी कुठं ठेवायची ते विचारायचं होतं.

आईनं काठीनं पूर्वेची भिंत दाखवली. मग पश्चिमेकडं वळून म्हणाली, "हिकडं नगा ठिवू, आक्का. झड लई येती. ह्या अंगाला खिडकी ठेवायची म्हंजे मग काहील फोडाय लागती."

गवंड्याला काही कळलं नाही. काकींना कळलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आन् आता काहील कुटनं आनायची?"

आमची मुलं आता म्हणतात, हे पाडून स्लॅब टाकू. टाकतीलही. वासे मात्र अजून शाबूत आहेत, नाना म्हणाले होते तसेच. काहिलीचे पत्रे गंजून पातळ झाले, दोनदा रंग दिला. आणि दरवर्षी चैत्र-वैशाखात, उन्हं तापायला लागली, की न्हाणीच्या कोपऱ्यातल्या एका सांदीतून मुंग्यांची रांग निघते. मी एकदा पावडर मारायला गेलो, तर आईनं हात धरला. आत कुठं खोल दगडात गूळ असेल अजून. आपल्याला दिसत नाही, त्यांना वास येतो.